गोळ्या बंद केल्या, तरी हौदात ब्रोमीन कसे?

प्रश्न : वरुड तालुक्यातील आमच्या संत्र्याच्या बागेत पाहुण्यांसाठी वीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि चार फूट खोल असा पोहण्याचा हौद आहे. ब्रोमीनच्या गोळ्या महाग पडतात आणि नागपूरहून आणाव्या लागतात, म्हणून पंधरा दिवसांपासून आम्ही त्याऐवजी ब्लीचिंग पावडर टाकत आहोत. परंतु सकाळी तपासणीच्या नळीत दिसणारा पिवळा रंग दुपारी नाहीसा होतो. आमचे काय चुकते? – एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : आपला हौद अजून ब्रोमीनचाच आहे. ब्रोमीन आपले काम करून झाल्यावर ब्रोमाइड या क्षाराच्या रूपाने पाण्यातच राहते आणि आपण टाकलेल्या ब्लीचिंग पावडरमधले क्लोरीन त्याचे पुन्हा ब्रोमीन करण्यात खर्ची पडते. नळीतील पिवळा रंग दोन्हींचा सारखाच असल्याने हे लक्षात येत नाही. हे ब्रोमीन उन्हात टिकत नाही, म्हणून दुपारी रंग जातो. सायन्युरिक आम्ल क्लोरीनला उन्हापासून वाचवते, तसे ते ब्रोमीनला फारसे वाचवत नाही. म्हणून दुकानदाराने आग्रह केला तरी जुन्या पाण्यात ते टाकू नये.

पाणी बदलणे हाच खरा उपाय आहे. अर्धे पाणी दोनदा बदलले, तरी चौथा हिस्सा ब्रोमाइड उरतेच. मात्र सुमारे 22,600 लिटर पाणी भर उन्हाळ्यात विहिरीतून उपसणे मला पटत नाही; त्यावर पहिला हक्क बागेचा. पावसाळ्यातही हौद रिकामा करू नये, कारण भूजल वर आलेले असताना त्याच्या दाबाने रिकामा हौद उचलला जाऊन तडकू शकतो. दिवाळीनंतर विहिरीत पाणी असते आणि जमिनीतील ओल उतरू लागलेली असते, तेव्हा हे काम करावे. तोवर ब्लीचिंग पावडर वाया जात नाही, कारण तिच्यामुळे तयार होणारे ब्रोमीनही जंतू मारतेच. फक्त ती ऊन उतरल्यावर टाकावी आणि कोणी पाण्यात उतरण्यापूर्वी तपासणी करावी.

काढलेले पाणी विहिरीपासून दूर, पडीक जमिनीवर सोडावे. संत्र्याच्या आळ्यात ते जाऊ देऊ नये, कारण हे झाड क्षारांना फार नाजूक असते. नव्या पाण्यात साधारण 700 ग्रॅम सायन्युरिक आम्ल पुरेल. मुक्त क्लोरीन 2 ते 3 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि सामू (पीएच) 7.2 ते 7.8 राखावा.

गोळ्यांचा तरंगता डबा मात्र कायमचा बाजूला ठेवावा. त्यात चिकटलेल्या ब्रोमीनच्या चुऱ्यावर ब्लीचिंग पावडर पडली, तर विषारी वायू सुटून आगही लागू शकते.