घर लावताना

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

सांगलीत गावभागात दोन खोल्या मिळाल्या, बरं झालं. बसनं मिरजेला जायलाही सोयीचं. फोनवर विचारलंस, "आत्या, आधी कपाट घेऊ का सोफा?" दोन्ही नको. महिनाभर काहीच घेऊ नकोस. कामावरून आल्यावर किल्ली कुठं टाकतोस, चहा कुठं बसून पितोस, मोबाईल कुठं चार्जिंगला लावतोस, एवढं बघ. हात आपसूक जिथं जातो, तीच त्या वस्तूची जागा. दाराशी खिळाच नसेल तर किल्ली रोज हरवणार, मग तू कितीही टापटिपीचा असलास तरी.

कपड्यांचंही तसंच. एकदा घातलेली पँट धुवायला टाकवत नाही आणि कपाटातही ठेववत नाही, मग ती खुर्चीवर जाते आणि आठवड्यात खुर्ची दिसेनाशी होते. त्यावर रोज स्वतःशी चडफडण्यापेक्षा घरमालकाला विचारून दारामागं चार खुंट्या ठोकून घे.

तळमजला घेतलायस म्हणून एक गोष्ट जरा लांबण लावून सांगते. आयर्विन पुलाशी पंचेचाळीस फूट ही कृष्णेची धोक्याची पातळी. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं होतं. पाणी ओसरल्यावर गल्लोगल्ली भिजलेल्या गाद्यांचे ढीग पडले होते. कापसाची गादी पाणी प्यायली की दोघांनाही उचलत नाही. पलंगाखाली, दिवाणाच्या पोटात कोंबून ठेवलेलं सगळं आधी जातं, आणि नेमकं तिथंच आपण काय ठेवलंय ते आपल्याला आठवत नाही. त्यामुळं खाली फक्त तेच ठेव, जे एका खेपेत उचलून वर नेता येईल. भाडेकरार, मार्कशीटा, बँकेची पुस्तकं, गॅसचं कार्ड एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी माळ्यावर, आणि माळ्याचा एक कोपरा रिकामाच. विजेचं मेन स्विच कुठं आहे ते पहिल्याच दिवशी बघून घे. पावसाळ्याआधी ही आवराआवर केलेली असली की वर कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली तरी रात्री झोप लागते.

साठवणीचा आपल्या भागाला सोस आहे, तो मलाही आहे. हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत पोत्यांनी हळद ठेवायचे, वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली. तुला मात्र एकट्याला वर्षाचं धान्य भरायचं काही कारण नाही. गहू महिन्याचे आण. हळद तेवढी हळकुंडं आणून थोडी थोडी दळून घे, तयार पुडीपेक्षा वास जास्त दिवस राहतो. डबे सगळे एकाच मापाचे घे म्हणून दुकानदार गळ घालेल, त्याचं ऐकू नकोस. आत काय आहे ते बाहेरून दिसलं म्हणजे झालं. रोजचं तिखट-मीठ ओट्यावर, सणाचं वरच्या फळीवर.

झाडणं-पुसणं तुला सांगायला नको. रात्री मात्र झोपण्याआधी ओटा आणि बेसिन मोकळं करत जा. बाकी घर पसरलेलं असलं तरी चालेल. सकाळी चहाचं आधण ठेवायला जागा असली की दिवसाची सुरुवात वैतागानं होत नाही.

आणि हो, मोबाईलवर दिसतात तसली पांढरीशुभ्र घरं बघून मन खट्टू करू नकोस. तिथं कुणी भडंग खात बसत नाही. तुझ्याकडं मित्र येतील, कॅरम मांडतील, पावडर फरशीवर सांडेल. सांडू दे. एक सतरंजी मात्र हाताशी ठेव, माणसं बसली की घर भरतं आणि उठली की घडी करून बाजूला ठेवता येते. खुर्च्यांचं तसं होत नाही. माझ्या मते पहिल्या घरात सोफा ही उगीचची अडगळ, तुझ्या आईला हे पटणार नाही.

टीव्ही घेणार असशील तर झोपायच्या खोलीत नको.

माळ्यावर चढायला शिडी लागेल. माझ्याकडं लाकडी शिडी पडून आहे, एक पायरी जरा सैल आहे, ती सुताराकडून ठोकून घेते. रविवारी दुपारी ये आणि घेऊन जा. येताना रिकामे डबे आण, लोणचं भरून देते.

तुझी,
आत्या