जेम्स जेमरसन यांचा बेस

प्रश्न : मोटाउन या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपनीच्या जुन्या गाण्यांत बेस गिटार (खालच्या, खर्जातल्या स्वरांची गिटार) जणू स्वतंत्र गाणे गात असते. ती कोण वाजवत असे?

उत्तर : साठच्या दशकातील त्यांपैकी बहुसंख्य गाण्यांत जेम्स जेमरसन (१९३६–१९८३) यांचा बेस आहे. डेट्रॉइटमध्ये ते प्रथम डबल बेस (उभे धरून वाजवायचे खर्जातले मोठे तंतुवाद्य) शिकले आणि पुढे बेस गिटार हाती घेतल्यावरही केवळ उजव्या तर्जनीने तारा छेडण्याची सवय त्यांनी सोडली नाही. मूळ स्वरावर थांबून राहण्याऐवजी मधले अर्धस्वर, मोकळ्या तारा आणि तालाला छेद देणारे आघात यांतून ते अशी ओळ गुंफत, की ती गायकाला उत्तर देत राही आणि तरीही त्याला कधी झाकत नसे. हा संयम मला त्यांच्या चपळाईपेक्षाही मोठा वाटतो. सपाट गुंडाळीच्या, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाच्या, तारा ते सहसा बदलत नसत, त्यामुळे नाद गोलसर आणि आखूड येई. खेदाची गोष्ट अशी, की स्टुडिओतील या वादकांची नावे तेव्हा छापली जात नसत. गायक मार्विन गे यांच्या १९७१ मधील ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर ती छापली गेली. रॉक संगीतातील मान्यवरांचा गौरव करणाऱ्या अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये जेमरसन यांचा समावेश झाला तो २००० मध्ये, मृत्यूनंतर १७ वर्षांनी.