चिखल निघाला, पण पाणी आत राहिले

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो. माझ्याकडे कच्च्या रस्त्यांवर चालवण्याजोगी मोटारसायकल आहे. पावसाळ्यात मुरबाडकडच्या मातीच्या वाटांनी आणि एरवी उरणच्या बाजूला खाडीकाठाने फिरणे होते. परतताना दर वेळी प्रेशरने गाडी धुऊन घेतो. तरीही हँडल वळवताना अडकल्यासारखे वाटते आणि चेनवर तांबूस गंज दिसतो. माझे काय चुकते?

उत्तर : गाडी धुण्यात आपण आळस करत नाही, हे चांगलेच आहे, चूक आहे ती प्रेशरच्या फवाऱ्याची. तो जवळून मारला की चिखल निघतो खरा, पण तेच पाणी सीलच्या कडेने हँडलच्या कोनसेटमध्ये (हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगच्या संचात), चाकांच्या बेअरिंगमध्ये आणि स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या) सांध्यात शिरते, तिथले ग्रीस दुधाळ करून टाकते आणि मग आतून गंज धरतो. पुढचे चाक जमिनीवरून उचलून हँडल सावकाश वळवून पाहा. ते मधोमध खाचेत बसल्यासारखे थांबत असेल, तर कोनसेटच्या वाट्यांत खड्डे पडले आहेत असे समजावे. मग नुसते ग्रीस भरून भागत नाही, संचच बदलावा लागतो.

यापुढे गाडी घरीच धुवावी. त्यासाठी बादली, मऊ ब्रश आणि झाडांवर औषध फवारायचा हातपंप पुरतो, आणि सोसायटीत पाण्यावरून कुरबुरही होत नाही. इंजिन गार होऊ द्यावे, सायलेन्सरच्या तोंडात बोळा घालावा (आणि तो आठवणीने काढावा), चिखल आधी भिजू द्यावा. इंजिनखालच्या संरक्षक पत्र्यावर साचलेला गाळ बाहेरून दिसत नाही, पण तो कित्येक दिवस ओल धरून ठेवतो. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर वाळलेली माती ऑइल सील कापते. ती ओल्या फडक्यानेच पुसावी.

खाडीकाठी फिरून आल्यावर मात्र धुणे दुसऱ्या दिवसावर ढकलू नये, कारण मीठ हवेतला दमटपणा ओढून घेते आणि गंजाला वेग देते. सर्व्हिस सेंटरमध्ये बोअरचे मचूळ पाणी वापरत असतील, तर तेथे धुऊन उलट मिठाची भरच पडते.

चेन रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करावी. पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही टाळावेत, त्याने कड्यांमधल्या रबरी ओ-रिंग खराब होतात. चाक इंजिन बंद ठेवून हातानेच फिरवावे. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून चेन पुसण्याच्या नादात बोटे गमावल्याची उदाहरणे आहेत. चेन पूर्ण कोरडी झाली की आतल्या बाजूने चेन ल्यूब किंवा ९० नंबरचे गिअर ऑइल द्यावे, जास्तीचे पुसावे आणि रात्रभर मुरू द्यावे. ब्रेकच्या डिस्कवर मात्र थेंबही उडता कामा नये. ल्यूब देण्याआधी गाडी दहा मिनिटे सावकाश, अधूनमधून ब्रेक दाबत चालवून आणली, तर ब्रेक आणि कोपऱ्यांतले पाणी वाळते.

एअर फिल्टर स्पंजचा असेल तर धुऊन, वाळवून त्याला फिल्टर ऑइल लावावे. कागदी असेल तर धुऊ नये, खराब झाल्यास बदलावा.