जनावरांतून माणसांत येणारे रोग सामायिक डेटाबेसमुळे खरंच लवकर सापडतात का?

सापडतात, पण जनावराची नोंद आणि माणसाची नोंद एकमेकींना भेटली तरच. मी करवीर तालुक्यात पशुवैद्यक आहे, म्हणून इथलाच अनुभव सांगतो.

एका गोठ्यात आठव्या महिन्यातली गाभण म्हैस गाभडली, म्हणजे तिचा गर्भपात झाला. मी पोचेपर्यंत मालकाने अडकलेली वार, म्हणजे गर्भाभोवतीचं आवरण, उघड्या हातांनी ओढून काढली होती. उसाचं वाडं तोडून त्याची बोटं आधीच चिरलेली. म्हशीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचं शेण पुसून मी बारा आकडी नंबर वाचला, भारत पशुधन ॲपवर नोंद केली, रक्त तपासायला पाठवलं. ब्रुसेलोसिस निघाला. ब्रुसेला जिवाणूंचा हा रोग जनावरं गाभडवतो, आणि वारेतून, कच्च्या दुधातून माणसालाही लागतो. दूध उकळून प्या, वार चुना टाकून खोल पुरा, हे त्याला सांगितलं. ताप आला तर डॉक्टरांना म्हशीचं सांगा, एवढं मात्र राहून गेलं, आणि ते मला अजून लागतं.

दोन महिन्यांनी तो डेअरीवर भेटला. "अंग नुसतं ठणकतंय बघा डॉक्टर, सांजच्याला घामानं शर्ट भिजतोय." टायफॉइडची औषधं दोनदा घेऊन झाली होती. गोठ्याबद्दल त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारावं असं सुचवणारी एकमेव नोंद माझ्या ॲपमध्ये पडून होती. मी सांगितल्यावर त्याने ब्रुसेलाची तपासणी करून घेतली. तीही पॉझिटिव्ह आली. दीड महिना दोन प्रतिजैविकं घेतल्यावर माणूस उठून कामाला लागला.

माणसांच्या रोगांची नोंद आरोग्य विभागाच्या आयएचआयपी या पोर्टलवर होते. आरोग्यसेविका लक्षणं भरतात, डॉक्टर संशयित निदान, प्रयोगशाळा पक्का निकाल. जनावरांच्या रोगांचे अंदाज बंगळुरूची निवेदी ही संस्था देते. जनावरांच्या जगभरच्या साथींसाठी जागतिक पशुआरोग्य संघटनेची वाहिस ही नोंदप्रणाली आहे. आपापल्या जागी सगळं चांगलं आहे. पण म्हैस आणि मालक एकाच छपराखाली राहतात, त्यांच्या नोंदी वेगवेगळ्या खात्यांत.

जोडायला फार काही लागत नाही. गावाचा कोड, तारीख आणि लक्षण पुरे, नाव नकोच. 'या गावात तीन महिन्यांत चार म्हशी गाभडल्या' एवढी ओळ प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दिसली, तर तिसऱ्यांदा टायफॉइडचं औषध लिहिण्याआधी ते ब्रुसेलाची तपासणी सांगतील. आंबोली उतरून दोडामार्गाकडे गेलात की गोचिडांमुळे होणाऱ्या माकडतापाच्या बाबतीत हेच तत्त्व दिसेल. रानात माकड मेलेलं आढळलं की ती माणसांसाठी धोक्याची सूचना धरतात, कारण मेलेल्या माकडावरचे गोचीड तिथेच गळून पडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चावू शकतात.

खरी अडचण मला संगणकाची वाटत नाही. म्हैस गाभडल्याचं बाहेर कळलं की तिची किंमत पडते, म्हणून लोक लपवतात. मी त्यांना दोष देत नाही. लाखाच्या आसपासचं जनावर असतं. माहिती व्यापाऱ्यापर्यंत जाणार नाही ही खात्री मिळाल्याशिवाय कुणी नोंद करू देणार नाही, आणि नोंदच नसेल तर डेटाबेस काय दाखवणार?

तुमच्याकडे जनावरं असतील तर चार ते आठ महिन्यांच्या फक्त मादी वासरांना आणि मादी रेडकांना ब्रुसेलाची लस टोचून घ्या. ती आयुष्यात एकदाच द्यावी लागते. तपासणी न झालेल्या जनावराचं धारोष्ण दूध पिऊ नका, कितीही आवडत असलं तरी. आणि उतरून पुन्हा चढणारा ताप आला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता गोठ्यात काय झालं ते आधी सांगा.