जळगावकडे बांधावर गुळवेल लागेल का, आणि रोज काढा घेतला तर चालेल का?

लागेल, आणि छान लागेल. आपल्या खान्देशात बांधाबांधावर कडुनिंब आहे, त्याच्याच आधाराने वेल चढवा. निंबावरची गुळवेल वैद्य पूर्वीपासून पसंत करतात.

पेन्सिलीएवढ्या जाड खोडाचे दोन-तीन डोळ्यांचे तुकडे मृगाच्या आधी, बुंध्यापासून हात-दीड हात लांब लावा. डोळ्यांची दिशा वरच राहू द्या. काळ्या जमिनीत पावसाचं पाणी साचतं आणि तुकडे कुजतात, म्हणून थोडा उंचवटा करा. पाण्याची खरी गरज पहिल्या उन्हाळ्यात. पानं गळाली तर वेल मेली समजून उपटू नका, पावसाबरोबर ती पुन्हा फुटते.

वापर मुख्यतः खोडाचा. सत्त्व हवं तर ताजं खोड ठेचून रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी चोळून गाळा आणि तळाशी बसणारा पांढरा साका वाळवा.

रोजच्या काढ्याला मात्र माझा स्पष्ट नकार. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले. त्यावर आयुष मंत्रालयाने तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होत असल्याचं म्हटलं. त्या वेलीच्या खोडावर ठळक गाठी असतात, चीक दुधाळ असतो. ओळख पक्की नसेल तर तोडूच नका. कावीळ, यकृताचा त्रास, संधिवातासारखे प्रतिकारशक्तीचे आजार असतील किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईने घेऊ नये.