‘गो’ दिल्यावर बोर्ड गप्प? आधी आर-९ बघ

भावा, पहिली गोष्ट, सर म्हणू नकोस. उद्यमनगरात मला कुणी सर म्हणत नाही.

तुझा प्रश्न असा: बीगलबोन ब्लॅक या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर यू-बूटच्या (बोर्ड चालू होताना आधी चालणारा बूटलोडर) सोर्समधला हॅलो वर्ल्ड हा नमुना प्रोग्राम ‘गो’ कमांडने नीट चालतो. तू स्वतः लिहिलेला, आठ चॅनेल वाचणारा प्रोग्राम त्याच पत्त्यावर टाकला की ‘स्टार्टिंग अ‍ॅप्लिकेशन’ची ओळ येते आणि बोर्ड गप्प, नाहीतर थेट रीसेट. आणि जाता जाता लिहिलंयस की दोन व्हेरिएबल काढले तर चालतो. तू ते सहज लिहिलंस, पण सगळं उत्तर तिथंच आहे.

‘गो’ म्हणजे नुसती उडी. लिनक्स जसा प्रोग्रामसाठी सगळी मांडामांड करून देतो, तसं इथं काही नाही. यू-बूट सांगितलेल्या पत्त्यावर फंक्शन आहे असं समजून त्याला हाक मारतो. तुझा प्रिंटएफ तुझ्या फाइलमध्ये नसतोच, तो यू-बूटच्या पोटात असतो. त्याच्यापर्यंत पोचायला एक जंप टेबल, म्हणजे फंक्शनच्या पत्त्यांची यादी, आहे आणि त्या टेबलचा पत्ता ‘ग्लोबल डेटा’ नावाच्या स्ट्रक्चरमध्ये. ३२ बिट आर्मवर या स्ट्रक्चरचा पत्ता आर-९ रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधली छोटी साठवणजागा) ठेवलेला असतो, कायमचा.

यू-बूटच्या मेकफाइलमधून (बिल्डच्या सूचनांची फाइल) बिल्ड केलंस तर ‘एफ-फिक्स्ड-आर-९’ हा फ्लॅग, म्हणजे कंपायलरला ‘आर-९ ला हात लावू नको’ अशी सूचना, आपोआप लागतो, म्हणून हॅलो वर्ल्ड चालतो. तू वेगळ्या फोल्डरमध्ये स्वतःची मेकफाइल लिहिलीस. तिथं कंपायलरला आर-९ मोकळाच दिसतो. व्हेरिएबल कमी असले तर तो तिथंवर पोचत नाही. आठ चॅनेलचा लूप आला की रजिस्टर पुरत नाहीत आणि तो आर-९ उचलतो. मग पुढच्या प्रिंटएफला जंप टेबल सापडणार कुठून?

मी यात दोन रात्री घालवल्यात. शिरोलीच्या एका फाउंड्रीच्या पॅनेलमधलं कार्ड तपासायचा प्रोग्राम होता आणि मेकफाइल जुन्या कामातून उचललेली. पहिली ओळ छापायची, दुसरी नाही. मी केबल बदलली, पॉवर सप्लाय बदलला, एसडी कार्डाला शिव्या घातल्या. एसडी कार्ड बिचारं धडधाकट होतं.

खात्री करायची सोपी पद्धत सांगतो. फाइल लोड कर आणि ‘गो’च्या आधी ‘एमडी’ (मेमरी दाखवणारी कमांड) देऊन हेक्स ८०३००००० या लोडच्या पत्त्यावरचा पहिला ३२ बिटचा शब्द बघ. आर्म मोडमध्ये फंक्शन बहुतेक वेळा रजिस्टर स्टॅकवर ठेवून सुरू होतं, म्हणून शब्दाची सुरुवात ई९२डी अशी दिसेल. पुढचे चार आकडे कोणती रजिस्टर ठेवली ते सांगतात, एकेक बिट एकेका रजिस्टरचा. ४७एफ० दिसलं तर आर-४ पासून आर-१० पर्यंत सगळी आणि एलआर (परतीचा पत्ता ठेवणारं रजिस्टर), म्हणजे आर-९ वर हात पडला. फ्लॅग लावल्यावर तिथं ४५एफ० सारखं काहीतरी येईल, मधला आर-९ चा बिट गेलेला. हे फक्त पहिल्या फंक्शनपुरतं झालं. बाकीच्यांसाठी ‘ऑब्जडंप’ टूलने प्रोग्रामची असेंब्ली काढ आणि त्यात आर-९ शोध, कुठंही दिसायला नको.

बोर्ड डेटा अ‍ॅबॉर्ट (चुकीच्या पत्त्याला हात लावल्याची चूक) देऊन रीसेट होत असेल तर आणखी सोपं. तेव्हा स्क्रीनवर येणाऱ्या रजिस्टरांच्या डंपमध्ये आर-९ ची किंमत छापलेली असते. या बोर्डाची ५१२ एमबी रॅम हेक्स ८००००००० पासून सुरू होते आणि यू-बूट स्वतःला तिच्या वरच्या टोकाला हलवतो. म्हणजे धड आर-९ मध्ये ९ ने सुरू होणारा पत्ता हवा. तिथं ३ किंवा ७ असलं काही दिसलं तर तो तुझा लूप काउंटर आहे.

फ्लॅग लावूनही गप्प बसला तर सुरुवातीचा पत्ता तपास. ‘गो’ला फंक्शनचं नाव कळत नाही, बिन फाइलच्या पहिल्या बाइटवर जे असेल ते चालतं. मदतनीस फंक्शन तिथं येऊन बसलं तर तेच चालणार. ‘एनएम’ या टूलने तुझ्या मुख्य फंक्शनचा पत्ता बघ आणि तोच दे. थंबमध्ये (आर्मचा आखूड सूचनांचा मोड) बिल्ड केलं असशील तर पत्त्यात एक मिळवायचा.

प्रिंटवर विसंबायचं नसेल तर बोर्डावरचा एलईडी लाव. यूएसआर-० हा एलईडी म्हणजे जीपीआयओ-१ या इनपुट-आउटपुट पिनांच्या गटाचा २१ वा बिट. आधी प्रॉम्प्टवरूनच ‘एमडब्ल्यू’ने (मेमरीत लिहिणारी कमांड) हेक्स ४८०४सी१९४ वर ००२००००० लिहून तो लागतो का बघ. लागला तर तेच तुझ्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत टाक. दिवा लागला पण अक्षर नाही, म्हणजे उडी बरोबर आहे आणि दोष जंप टेबलच्या वाटेवर.

आणखी एक, हे नेहमी विसरलं जातं. एस-२ हे बूटचं बटण न दाबता पॉवर दिलीस तर बोर्ड आधी ईएमएमसीवरचा (बोर्डावरच बसवलेली मेमरी) यू-बूट उचलतो. तुझ्या एसडी कार्डावर नवा, ईएमएमसीवर जुना, असं असेल तर ग्लोबल डेटामधली टेबलची जागाच वेगळी असू शकते. प्रोग्राम ज्या सोर्समधून, ज्या कॉन्फिगने बांधला, तोच यू-बूट बोर्डावर चालू हवा. प्रॉम्प्टवर ‘व्हर्जन’ देऊन तारीख बघ. फाइल बदलूनही जुनंच वागत असेल तर ‘डीकॅश फ्लश’ आणि ‘आयकॅश फ्लश’ द्यायचे, म्हणजे कॅशमधलं जुनं जातं.

कंपनीला विकताना कोड द्यावा लागेल का, असंही विचारलंयस. यू-बूट जीपीएल या खुल्या सोर्सच्या लायसन्सखाली आहे, पण जंप टेबलमधून त्याच्या सेवा वापरणारे स्टँडअलोन प्रोग्राम त्याच्या लायसन्समध्येच अपवाद म्हणून सोडलेत. तुझा प्रोग्राम तुझाच. यू-बूट मात्र सोबत दिलास तर त्याचा सोर्स, तुझ्या बदलांसकट, द्यावा लागतो.

फ्लॅग लावून बघ. तरी अडलं तर इथं पूर्ण डंप टाक, स्क्रीनचा फोटो नको.