नावापुढचं ‘टीएम’ म्हणजे नोंदणी नव्हे

प्रश्न: माझ्या रोल-प्लेइंग गेमच्या मुखपृष्ठावर नावापुढे ‘टीएम’ (ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारचिन्ह) आहे. नोंदणीचा अर्ज केला आहे. आता त्याजागी वर्तुळातला ‘आर’ छापू का?

उत्तर: कृपा करून छापू नका. ‘टीएम’ हा तुमचा स्वतःचा दावा; तो करायला कुणाची परवानगी लागत नाही. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच लावायचा, नुसत्या अर्जावर नाही. ब्रिटनमध्ये खोटा ‘आर’ लावणं गुन्हा आहे. अमेरिकेत फसवण्याचा हेतू दिसला, तर नोंदणीच अडचणीत येऊ शकते.

प्रश्न: एका जुन्या खेळाचं नाव अमेरिकेच्या नोंदणीत सापडत नाही. म्हणजे ते मोकळं झालं ना?

उत्तर: लगेच तसं धरू नका. नेमके इथेच चांगले चांगले डिझायनर अडकतात. अमेरिकेत ट्रेडमार्कचा हक्क वापरातून जन्मतो. नोंदणी त्याला देशभराचं बळ देते. पाचव्या ते सहाव्या वर्षादरम्यान ‘चिन्ह वापरात आहे’ असं लिहून द्यावं लागतं. ते राहून गेलं की नोंदणी रद्द होते, पण पुस्तक विकलं जात असेल तर हक्क शिल्लक राहतो. सलग तीन वर्षं वापरच नसेल, तर चिन्ह सोडून दिलं असं कायदा प्रथमदर्शनी मानतो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोल-प्लेइंग गेम पहिल्यांदा काढणाऱ्या ‘टीएसआर’ कंपनीचंच बघा. विझार्ड्स ऑफ द कोस्ट या खेळ-कंपनीने ती १९९७ मध्ये घेतली, पण पुढे नावाची नोंदणी टिकली नाही आणि इतरांनी ते नाव घेतलं. प्रकरण न्यायालयात गेलं, तेव्हा विझार्ड्सचं म्हणणं होतं की जुनी पुस्तकं त्या चिन्हासह आम्ही आजही विकतो, म्हणून हक्क आमचाच. म्हणून नोंदणी शोधून झाली की दुकानं आणि पीडीएफ विकणाऱ्या साइट्सही धुंडाळा.

प्रश्न: टीएसआरच्या १९८४ च्या इंडियाना जोन्स खेळात पुठ्ठ्याच्या एका आकृतीवर ‘नाझी’ या शब्दापुढे ‘टीएम’ होतं म्हणे. मग तो शब्द कंपनीच्या मालकीचा झाला होता?

उत्तर: नाही. ‘टीएम’ छापल्याने शब्द कुणाच्या मालकीचा होत नाही. ग्राहकाने ते नाव पाहून माल कुणाचा हे ओळखलं पाहिजे. सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दाकडून ते काम सहसा होत नाही. तरी ‘कंपनीने इतिहासातला शब्द नोंदवला’ ही कथा वर्षानुवर्षं फिरते, आणि नवे लेखक उगाच बिचकतात.

प्रश्न: माझं साहस (खेळायला तयार कथेचं पुस्तक) ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीला चालतं, असं लिहू शकतो का?

उत्तर: जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आलेला त्या खेळाचा नियमसंच वापरत असाल, तर ‘पाचव्या आवृत्तीशी सुसंगत’ लिहायला त्यातच मुभा आहे. लोगो मात्र घेऊ नका. तो परवाना ट्रेडमार्क देत नाही. २००० च्या ओपन गेम लायसन्सखाली (खेळाचे नियम इतरांना वापरू देणारा जुना परवाना) छापत असाल, तर मूळ खेळाचं नाव सुसंगततेसाठी वापरायला त्याच करारात मनाई आहे.

प्रश्न: एकाच साहसपुस्तकाचं नाव नोंदवता येतं का?

उत्तर: अमेरिकेत एकट्या पुस्तकाचं नाव सहसा नोंदवून घेत नाहीत. मालिकेचं घेतात.